शीतकालीन संधान : शांत झालेले अरिष्ट सिद्ध झाले असे समजावे काय?

हेमंत-शिशिरात श्वास, कास व वातव्याधींचे रुग्ण वाढतात. दशमूलारिष्ट, द्राक्षारिष्ट, कनकासव यांचा खप वाढतो आणि नेमक्या याच दिवसांत त्यांचे संधान सर्वांत अवघड होते. लहान प्रमाणावर स्वतः औषधे सिद्ध करणाऱ्या वैद्यबंधूंचा व औषधीशाळाचालकांचा हा नित्याचा अनुभव आहे. प्रस्तुत लेखात या अडचणीचे कारण व तिचे व्यवहार्य उपाय यांचा विचार केला आहे.

वाघोली २०२१ साली पुणे महापालिकेत आली. तरीही मोकळी जमीन आणि पत्र्याच्या शेड हे तिचे रूप अद्याप पुरते गेलेले नाही. जानेवारीत पुण्याचे सरासरी कमाल तापमान ३० अंश सेल्सिअसच्या आसपास, तर किमान ११ ते १२ अंश असते. १७ जानेवारी १९३५ रोजी तर येथे १.७ अंशाची नोंद झाली होती. म्हणजे संधानपात्राला एकाच अहोरात्रात जवळजवळ १८ अंशांचा चढउतार सोसावा लागतो. पत्र्याच्या छपराखाली हा फरक अधिकच जाणवतो. आपली अडचण केवळ थंडीची नाही, ती अस्थिरतेची आहे.

किण्वाचा स्वभाव

संधानात गूळ, शर्करा व मध यांतील साखरेचे किण्वामुळे मद्य व कर्बवायू यांत रूपांतर होते. हे किण्व साधारणतः २५ ते ३२ अंशांत उत्तम कार्य करते. तापमान १५ अंशांखाली गेले की त्याची गती फार मंदावते व ते तळाशी बसते. चाळिशीकडे गेले की ते दुर्बल होऊन मरू लागते. रात्री तळाशी बसायचे आणि दुपारी पुन्हा उठायचे, असे रोज घडले तर संधान रेंगाळते. रेंगाळलेल्या संधानात मद्याचे प्रमाण अपुरे राहते आणि इतर जंतूंना वाव मिळून द्रव्य शुक्तत्वाकडे झुकते. अशा वेळी संपूर्ण घाणा टाकून देण्यावाचून गत्यंतर नसते.

प्राचीनांची योजना

आसवारिष्टाचे पात्र धान्यराशीत ठेवावे किंवा भूमीत पुरावे, असे शास्त्रात सांगितले आहे. या आज्ञेचे मर्म उष्णता देण्यात जितके आहे, त्याहून अधिक उष्णता टिकविण्यात आहे. संधानातून स्वतःचीही उष्णता निर्माण होते. धान्यराशी ती बाहेर जाऊ देत नाही. जमिनीत हाताभर खोल गेल्यावर दिवसरात्रीचा फरक फारसा पोचत नाही. याउलट उघड्या जमिनीलगतची हवा रात्री फार थंड होते. निरभ्र, निवांत रात्री सर्वांत थंड थर भूपृष्ठावर नसून त्याच्या किंचित वर असतो, हे एल. ए. रामदास व आत्मनाथन यांनी १९३२ साली दाखवून दिले. ‘रामदास थर’ या नावाने तो आज जगभर ओळखला जातो. उघड्या शेडमध्ये जमिनीवर मांडलेले पात्र आणि जमिनीत पुरलेले पात्र यांच्या परिस्थितीत केवढे अंतर आहे, हे यावरून ध्यानात यावे.

आजचे उपाय

थंड देशांत घरच्या घरी बिअर करणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न असतो. त्यांचा एक सोपा उपाय आपल्याला उपयोगी पडतो. मोठ्या टबात पाणी भरून त्यात संधानपात्र ठेवावे व पाण्यात मत्स्यालयासाठी मिळणारा, ठरावीक तापमानाला आपोआप बंद होणारा हीटर सोडावा. पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते. त्यामुळे पात्राला सर्व बाजूंनी सारखी ऊब मिळते. हीटर पाण्यात पूर्ण बुडालेला असल्याखेरीज चालू करू नये, आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी विजेचा प्रवाह अवश्य बंद करावा. वीज गेली तरी टबाभोवती थर्मोकोल व गोणपाट असल्यास काही तास ऊब टिकते. पात्राच्या एका बाजूला बल्ब लावणे मात्र टाळावे. त्याने एक बाजू तापते व दुसरी थंडच राहते.

याशिवाय पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. क्वाथ रात्रभर निववून सकाळी गार अवस्थेत संधानास लावू नये. तो कोमट, म्हणजे २८ ते ३० अंश असताना गूळ व धायटीची फुले मिसळावीत. पहिल्या दोन-तीन दिवसांची ऊब सर्वांत महत्त्वाची.

२. शक्य असल्यास दोन लहान पात्रांऐवजी एक मोठे पात्र घ्यावे. द्रव जितका अधिक, तितका तापमानातील बदल सावकाश. वरचा तृतीयांश भाग मात्र रिकामा ठेवावा.

३. पात्र उत्तरेकडील भिंतीला टेकवू नये. लाकडी फळीवर, भुशाच्या किंवा धान्याच्या वेष्टनात ठेवावे.

४. तापमापक खोलीत नको, द्रवात हवा. पहाटे व दुपारी अशी दोन वेळची नोंद घाण्याच्या वहीत करावी.

सिद्धिलक्षणांची फसगत

आता मुख्य मुद्दा. संधान पूर्ण झाले की बुडबुड्यांचा आवाज थांबतो, प्रक्षेपद्रव्ये तळाशी बसतात, पेटती काडी पात्रात विझत नाही आणि चुन्याची निवळी पांढरी होत नाही. ही लक्षणे यथार्थ आहेत. परंतु थंडीने किण्व निद्रिस्त झाले असता वायूची निर्मिती थांबते, आणि मग हीच सारी लक्षणे दिसू शकतात. शिवाय थंड द्रवात कर्बवायू अधिक विरघळून राहतो. पात्र शांत असते. पण आत साखर शिल्लक असते आणि किण्वही जिवंत असते. असे अरिष्ट गाळून माघात बाटल्यांत भरले, तर चैत्रात ते पुन्हा जागे होते. बुचे उडतात, बाटल्या फुटतात आणि रुग्ण औषध परत घेऊन येतो. दुकानदाराचे नुकसान भरून निघते. रुग्णाचा विश्वास सहजी परत मिळत नाही.

म्हणून शीतकाळी एक परीक्षा अधिक करावी. पात्रातील नमुना स्वच्छ बाटलीत घेऊन, तोंडाला कापूस लावून, २८ ते ३० अंशांच्या उबेत दोन दिवस ठेवावा व त्यानंतर चुन्याच्या निवळीची परीक्षा पुन्हा घ्यावी. सोबत हायड्रोमीटरने विशिष्ट गुरुत्व मोजावे. उबेत ठेवूनही ते लागोपाठ तीन दिवस स्थिर राहिले, तरच संधान पूर्ण मानावे. नमुना पुन्हा फसफसला, तर पात्राला ऊब द्यावी व वाट पाहावी.

केवळ दिवस मोजून गाळण्याची घाई येथे घातक ठरते. संधानाला ग्रीष्मात कमी व शीतकाळी अधिक काळ लागणार, हे गृहीतच धरले पाहिजे. महिना हे प्रमाण नव्हे. सिद्धी हे प्रमाण होय.

स्वतःच्याच रुग्णांसाठी औषध करणाऱ्या व ते बाजारात न विकणाऱ्या वैद्यांना उत्तम निर्मिती पद्धतीच्या नियमांतून सूट आहे. ही सूट कागदपत्रांपुरती समजावी. औषधाच्या गुणवत्तेतून कोणालाही सूट नाही. मोठ्या कारखान्यांत तापमान यंत्रे सांभाळतात. लहान औषधीशाळेत ते वैद्याने सांभाळायचे असते, आणि त्यासाठी एक तापमापक, एक टब व एक वही एवढी सामग्री पुरेशी आहे. येत्या मार्गशीर्षात पहिला घाणा लावण्यापूर्वी ती सिद्ध ठेवावी, ही सर्व वैद्यबंधु-भगिनींना विनंती.