घामाचा हिशेब – भाग ६ : हंगाम बारा, सेवा शून्य

मागच्या आठवड्यात ग्रॅच्युइटी पाहिली. तिचा एकदा निकाल लागला की माणूस मोकळा होतो. पेन्शनचं तसं नाही. तिच्यासाठी आधी सेवा सिद्ध करा, मग नाव, मग जन्मतारीख. आणि हे सगळं जमलं की आपण जिवंत आहोत हे दरवर्षी सिद्ध करत राहा. आजचा विषय ईपीएस-९५, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजना १९९५. एसटीचे चालक-वाहक, साखर कारखान्यातले कामगार, जिनिंगमधले फिटर, खासगी कंपन्यांतले कारकून हे सगळे 'फंडाची पेन्शन' म्हणतात ती हीच.

योजना १६ नोव्हेंबर १९९५ ला सुरू झाली. मालक पगाराच्या १२ टक्के भरतो, त्यातले ८.३३ टक्के पेन्शनकडे वळतात. केंद्र सरकार वरून १.१६ टक्के घालतं. कामगाराच्या पगारातून कापलेली रक्कम पीएफमध्येच राहते. मात्र हे टक्के सहसा पूर्ण पगारावर नसतात, सरकारने ठरवलेल्या मर्यादेवर असतात. ही मर्यादा आधी ५,००० रुपये होती, जून २००१ पासून ६,५०० झाली आणि सप्टेंबर २०१४ पासून १५,००० आहे. अठ्ठावन्नाव्या वर्षी सेवेची वर्षं गुणिले पेन्शनपात्र पगार, भागिले ७०, एवढंच गणित. नोव्हेंबर १९९५ मध्ये लागलेला आणि ऑगस्ट २०२० मध्ये निवृत्त झालेला एसटीचा चालक घ्या. २०१४ पर्यंतच्या वर्षांना ६,५०० चा दर, पुढच्यांना १५,००० चा. वीस वर्षांहून जास्त सेवा म्हणून दोन वर्षं बोनस. सगळं मिळून तीन-साडेतीन हजार. त्यावर महागाई भत्ता नाही, त्यामुळे पहिल्या महिन्यात आली तेवढीच रक्कम दहा वर्षांनीही येते.

ज्यांची नोकरी १९९५ च्या आधीची, त्यांचं दुखणं आणखी वेगळं. त्या जुन्या वर्षांना वरचं सूत्र लागूच होत नाही. त्यासाठी ठरावीक रकमांचा तक्ता आहे. वीस वर्षांहून जास्त जुनी सेवा असेल तर महिन्याला १५० किंवा १७० रुपये, आणि त्याला उरलेल्या काळाप्रमाणे एक गुणक. तारुण्याची वीस वर्षं यंत्रावर काढलेल्या माणसाला हा तक्ता कुणी समजावून सांगितलेला नसतो. कागद हातात पडतो तेव्हा त्याला वाटतं, टाइप करताना कुठलं तरी शून्य राहून गेलं.

पण आपल्या परभणी जिल्ह्याच्या दृष्टीने खरा मुद्दा हंगामाचा आहे, म्हणून तिथे जरा थांबू.

मानवत आणि सेलू या कापसाच्या पेठा. जिनिंग-प्रेसिंगचं काम कापूस यायला लागला की सुरू होतं आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी आटोपतं. साखर कारखान्यांचं गाळपही पाच-सहा महिन्यांचंच. हंगामात फंड कापला जातो, उरलेले महिने माणूस शेतावर नाहीतर गवंड्याच्या हाताखाली. अशा कामगाराने बारा हंगाम काढले तर प्रत्यक्ष हजेरी पाच-सहा वर्षांचीच भरते. पेन्शनला किमान दहा वर्षं लागतात. मग कारखान्याचा कारकून, झेरॉक्सच्या दुकानात बसणारा एजंट किंवा तो स्वतःच महिने मोजतो, 'आपली भरत नाहीत' म्हणतो आणि पैसे काढायचा फॉर्म १० सी भरून मोकळा होतो.

योजनेत मात्र स्पष्ट तरतूद आहे. हंगामी आस्थापनेतल्या कामगाराने वर्षातला जेवढा काळ प्रत्यक्ष काम केलं, तो वर्षापेक्षा कमी असला तरी पेन्शनच्या सेवेसाठी पूर्ण वर्ष धरायचा. म्हणजे बारा हंगाम म्हणजे बारा वर्षं. ६,५०० रुपयांवरही हे गणित महिन्याला १,११४ रुपयांवर जातं, शिवाय माघारी बायकोला पेन्शन. एकदा १० सी भरून पैसे उचलले की ही सगळी वर्षं पुसली जातात. हातात पडतात काही हजार, आणि ते त्याच वर्षी लेकीच्या लग्नात नाहीतर सावकाराकडे जातात. माझ्या मते या योजनेत कष्टकऱ्याचं सर्वांत मोठं नुकसान फसवणुकीने झालेलं नाही, या एका न सांगितलेल्या नियमाने झालं आहे.

कारखाना बदलणाऱ्यांचीही हीच गत. दर नोकरीनंतर हिशेब काढून घ्यायची पद्धत पडली आणि सेवा कधी साठलीच नाही. पैसे काढण्याऐवजी त्याच फॉर्मवर 'स्कीम सर्टिफिकेट' मागता येतं. ते असेल तर जुनी वर्षं नव्या नोकरीला जोडली जातात.

सेवा भरली की नावाचं प्रकरण सुरू होतं. शाळेत ज्ञानोबा, कारखान्याच्या रजिस्टरात ग्यानबा, आधारवर ज्ञानदेव. बायकांच्या नावापुढे 'बाई' कुठे आहे, कुठे नाही. आपल्याकडे पुरुषाच्या नावामागे 'राव' लागतो तो मानाने; संगणकाला त्यात दुसरा माणूस दिसतो. जन्मतारखेचं तर विचारूच नका. गुरुजींनी शाळेत घालताना अर्ध्या गावाला १ जून दिलेला, कारखान्यात कुणीतरी अंदाजे वय लिहिलेलं. आणि गंमत अशी, की आधारवरची तारीख फंडाच्या नोंदीशी जुळायला हवी. पण जन्मतारखेचा पुरावा म्हणून आधार चालत नाही. जानेवारी २०२४ मध्ये भविष्य निर्वाह निधी संघटनेने ते मान्य पुराव्यांच्या यादीतून काढलं. तिथे शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला असा पुरावा हवा.

जुन्या खात्यांच्या दुरुस्तीच्या अर्जावर मालकाची सही लागते, आणि जिल्ह्यातल्या कितीतरी जिनिंगना आता मालक उरलेला नाही; जागेवर प्लॉट पडले. अशा वेळी सहीसाठी राजपत्रित अधिकारी, पोस्टमास्तर, खातं असलेल्या बँकेचा व्यवस्थापक, मुख्याध्यापक, आमदार-खासदार, काही फॉर्मवर सरपंचही चालतात. हे छापलेलं असतं फॉर्मच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरात. फंडाचं विभागीय कार्यालय छत्रपती संभाजीनगरला. तिथवर जाऊन 'मालकाची सही आणा' ऐकून परत यायचं, म्हणजे एक दिवस आणि दोन दिवसांची मजुरी.

अर्ज सर्व अंगांनी पूर्ण असेल तर तो २० दिवसांत निकाली काढायचा, विनाकारण उशीर केला तर १२ टक्के व्याज द्यायचं, असं नियम सांगतो. मेख 'सर्व अंगांनी पूर्ण' या शब्दांत आहे. त्रुटी काढून अर्ज परत पाठवला की मोजणी पुन्हा एकपासून.

पेन्शन मंजूर झाली की दरवर्षी हयातीचा दाखला. पाच-सहा वर्षांपूर्वीपर्यंत नोव्हेंबरातच गर्दी व्हायची. आता ईपीएसवाल्यांना वर्षात कधीही देता येतो आणि तो दिल्या दिवसापासून बारा महिने चालतो. सरकी, चुना आणि सिमेंट यांनी बोटांच्या रेषा झिजलेल्यांचा अंगठा मशीन घेत नाही. त्यांच्यासाठी २०२२ पासून मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला देण्याची सोय आहे. तीन वेळा अंगठा नाकारला की घाबरून घरी जाऊ नका, चेहऱ्याने करा म्हणून सांगा.

आता रकमेबद्दल. सप्टेंबर २०१४ मध्ये किमान पेन्शन १,००० रुपये ठरली, आजही तेवढीच आहे. पन्नाशीनंतर लवकर घेतलेली किंवा काही भाग एकरकमी उचलून 'विकलेली' पेन्शन तर हजाराच्याही खाली राहते. २०१३ मध्येच राज्यसभेच्या याचिका समितीने किमान ३,००० आणि महागाई भत्ता सुचवला होता. समितीचे अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी. पुढे तेच आपल्या राज्याचे राज्यपाल झाले. कमांडर अशोक राऊत यांच्या नेतृत्वाखालची ईपीएस पेन्शनधारकांची संघर्ष समिती बुलढाण्यापासून दिल्लीपर्यंत साडेसात हजार आणि महागाई भत्ता मागते आहे. दरम्यान राज्याने २०२३ मध्ये संजय गांधी निराधार योजनेची रक्कम १,५०० केली. निराधारांना ती मिळालीच पाहिजे, मला तर तीही कमी वाटते. पण ज्याच्या नावावर पंचवीस वर्षं फंड भरला गेला त्याचा किमान हक्क त्याहून पाचशेने कमी, याचं समर्थन कुठल्या हिशेबाने करायचं?

वाचकांपैकी कुणाच्या घरी पंचेचाळिशी ओलांडलेला हंगामी कामगार असेल, तर अठ्ठावन्नाची वाट पाहू नका. यूएएनवरून (फंडाच्या कायम खाते क्रमांकावरून) पासबुक काढा, प्रत्येक हंगामाची नोंद आहे का बघा, नाव आणि तारीख आताच जुळवून घ्या. दर महिन्याच्या २७ तारखेला 'निधी आपके निकट' हे फंडाचं शिबिर जिल्ह्यात होतं, जागा आधी विचारून घ्या. आणि १० सीवर सही करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा: हंगाम मोजलेत की महिने?

पुढच्या भागात बांधकाम मजुरांची नोंदणी आणि ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र.