चुकांचा रोजमेळ

आयआयएमच्या प्रवेशासाठीची कॅट परीक्षा द्यायचं ठरलं की बहुतेक मुलांचा क्रम सारखाच असतो. क्लास लावायचा, नोट्सचे गठ्ठे जमवायचे आणि ‘आधी अभ्यासक्रम संपवू, मग मॉक म्हणजे सराव परीक्षा देऊ’ म्हणत चार-पाच महिने काढायचे. 1996 साली सुरू झालेलं आयआयएम इंदूरमध्येच असल्यामुळे तिथल्या सियागंजच्या घाऊक बाजारात वाढलेल्या मुलामुलींना ही परीक्षा घरची वाटते. तयारीचं एक सूत्रही त्यांच्या घरात आधीपासून आहे. किराणा आणि सुक्या मेव्याच्या पेढीवर रोजमेळ रोजच्या रोज जुळवतात, त्यासाठी दिवाळीची वाट बघत नाहीत. मॉकचंही तसंच आहे. ती पहिल्याच आठवड्यात द्यावी, आणि त्यात निघालेल्या चुकांनाच खरा अभ्यासक्रम मानावं.

याला आधार आहे. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली काही विद्यार्थ्यांना एक उतारा चार वेळा वाचायला दिला. दुसऱ्या गटाने तो एकदाच वाचला आणि पुढे तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना सुमारे 40 टक्के मजकूर आठवला, आठवून लिहिणाऱ्यांना 61 टक्के. रोहरर आणि टेलर यांचा 2007 सालचा प्रयोग तर गणिताचाच होता. एका प्रकारची उदाहरणं सलग सोडवणाऱ्यांची सरावात 89 टक्के उत्तरं बरोबर आली, सरमिसळ सोडवणाऱ्यांची 60. आठवड्यानंतरच्या चाचणीत सलगवाले 20 टक्क्यांवर घसरले आणि सरमिसळवाले 63 वर राहिले. सराव करताना जे सोपं जातं ते शिकलंच असेल असं नाही, हे दोन्ही प्रयोग सांगतात. शिवाय कॅटमध्ये ‘हा प्रश्न टक्केवारीचा’ असं शीर्षक देऊन कोणी प्रश्न विचारत नाही. कोणती रीत लावायची हे ओळखणं हीच तिथे अर्धी परीक्षा असते.

‘पाया कच्चा असताना मॉक दिली तर गुण पडतील आणि धीर सुटेल,’ हा आक्षेप खोटा नाही. गुण पडतातच. पण गुणांपेक्षा चूक बघावी. बदामाचा भाव 20 टक्के चढला आणि मग 20 टक्के उतरला, तर मूळ भावात किती फरक पडला? ‘काहीच नाही’ असं उत्तर आलं, तर त्याची कारणं निरनिराळी असू शकतात. 100चे 120 झाले आणि उतार 120 वर मोजायचा, म्हणून 96 उरले, हे ठाऊक नसेल तर पायाच कच्चा आहे. ठाऊक असून घाई झाली असेल, तर धडा पुन्हा वाचून काही हाती लागणार नाही. घड्याळ लावून सराव करावा लागेल. कुठला पाया कच्चा आहे हे मॉकशिवाय कळायचं कसं? कमी गुणांनी खचणाऱ्या मुलाला नुसत्या धीराच्या शब्दांपेक्षा असं नेमकं कारण हातात देणं मला जास्त माणुसकीचं वाटतं.

परीक्षेची रचनाही वापरून बघितल्याशिवाय अंगवळणी पडत नाही. 2024 साली 68 प्रश्न होते, तीन विभागांना प्रत्येकी 40 मिनिटं, आणि एका विभागातला उरलेला वेळ दुसऱ्यात नेता येत नव्हता. बरोबर उत्तराला 3 गुण, चुकीच्या पर्यायाला उणे 1, आणि उत्तर टाइप करायच्या प्रश्नांना उणे गुण नाहीत. ‘अंदाजाने काही लिहू नका’ हा सरसकट सल्ला या हिशोबात बसत नाही. चार पर्यायांतून डोळे मिटून निवडलं तर सरासरी फायदा-तोटा शून्य. एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तर सरासरी पाव गुणापेक्षा जास्त फायदा. अर्थात तो पर्याय बाद करायला तीन मिनिटं गेली, तर तेवढ्यात दुसरा एखादा सोपा प्रश्न सुटला असता.

राहिला वेळेचा प्रश्न. दिवसा पेढी किंवा नोकरी सांभाळणाऱ्यांना रोज चार तास मिळत नाहीत. त्यांनी मॉकची संख्या कमी ठेवावी. रविवारी एक पूर्ण मॉक द्यावी, सोमवार-मंगळवारी तिच्यातले चुकलेले प्रश्न उत्तर न बघता पुन्हा सोडवावेत, आणि बाकीच्या दिवसांत सरमिसळ प्रश्नांचा एकेक तास ठेवावा. आठवड्याला तीन मॉक देऊन एकीचीही चिरफाड न करणाऱ्यापेक्षा असा अभ्यास करणारा पुढे असेल.