कुकर ते कोराडी: दाबाखालचं पाणी



मागच्या महिन्यात नारायणगावच्या आमच्या गटाच्या बैठकीला एक ताई हाताला पट्टी बांधून आल्या. टोमॅटोच्या तोडणीला जायची घाई, म्हणून वाफ जिरायच्या आतच त्यांनी कुकरचं झाकण ओढून काढलं होतं. "गॅस तर बंद केला होता, मग एवढं उसळलं कशानं?" त्या विचारत होत्या. तेच आज आम्ही सांगणार आहोत.

उघड्या पातेल्यात पाणी साधारण १०० अंशांना उकळतं. जाळ कितीही वाढवा, ते आणखी तापत नाही. जादा उष्णता वाफ होण्यात जाते. एक लिटर पाण्याच्या वाफेला सोळाशे लिटरहून जास्त जागा लागते. कुकरमध्ये ती मिळत नाही. कोंडलेल्या वाफेचा दाब पाण्याला उकळू देत नाही, म्हणून ते १२० अंशांपर्यंत तापतं आणि डाळ लवकर शिजते. गॅस बंद केला तरी ते तापलेलंच असतं. झाकण निघालं की दाब जातो, आणि काही पाण्याची क्षणात वाफ होऊन सगळं उसळतं.

आता समजा, भांडं फार भक्कम आहे आणि आपण आच वाढवतच नेली. पाणी फुगून हलकं होतं, वाफ कोंडून दाट होते. ३७४ अंश तापमान आणि हवेच्या सुमारे २१८ पट दाब झाला, की दोन्ही सारखीच होतात. एक लिटरचं वजन जेमतेम ३२० ग्रॅम! त्यापुढे पाणी कुठलं नि वाफ कुठली, हा भेदच उरत नाही. बुडबुडे नाहीत, उकळी नाही. स्वभावही उलटतो: हे पाणी तेलाला आपल्यात मिसळून घेतं आणि मीठ मात्र बाहेर टाकतं.

ही नुसती पुस्तकातली गोष्ट नाही. नागपूरजवळ कोराडी, गोंदिया जिल्ह्यात तिरोडा आणि सोलापूर इथल्या ६६० मेगावॅटच्या संचांत याहून जास्त दाबाखाली पाणी तापवून वीज तयार करतात. जुन्या बॉयलरमध्ये पाणी आणि वाफ वेगळी करायला मोठा ड्रम लागतो. इथे वेगळं करायला काही उरतच नाही. तापमान आणि दाब जास्त, म्हणून तेवढ्याच कोळशात वीजही जास्त मिळते.

तिथे जाड पोलादी नळ्या असतात, दाब मोजणारी यंत्रं असतात, रात्रंदिवस पहारा असतो. आपल्या कुकरला मात्र शिट्टी, सेफ्टी वाल्व आणि रबर एवढंच राखण. म्हणून डाळ-तांदूळ पाण्यासकट अर्ध्याच्या वर भरू नका. शिट्टीखालचं भोक रोज साफ करा. वाल्व गेला तर त्याच कंपनीचा बसवा. आणि वाफ पूर्ण जिरल्याशिवाय झाकणाला हात लावू नका.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या कुकरचं झाकण घेऊन या. सगळ्या मिळून तपासू.