विश्लेषण : बुलेटचे इंजिन आणि घावनांचा तवा… ‘बिडा’ची आठवण आताच का येतेय?

समाजमाध्यमांवर सध्या दोन प्रकारचे व्हिडीओ हमखास समोर येतात. एकात कोणीतरी गोठ्यात पडलेली आजोबांची बुलेट बाहेर काढून किक मारतो. दुसऱ्यात आजीचा काळाकुळकुळीत तवा घासून त्यावर जाळीदार घावन सोडले जाते. दोन्हींखाली प्रतिक्रिया तीच : ‘अशी वस्तू आता होणे नाही.’ गंमत म्हणजे दोन्हींमागचा धातूही एकच आहे, तो म्हणजे बीड. जिल्हा नव्हे, ओतीव लोखंड, म्हणजेच कास्ट आयर्न.

बीड म्हणजे नेमके काय?

लोखंडात साधारण २.५ ते ४ टक्के कार्बन असला की त्याचे बीड होते. ते स्टीलपेक्षा कमी तापमानाला वितळते आणि वाळूच्या साच्यात सहज भरते. म्हणूनच किर्लोस्करांचे नांगर, कोल्हापूरच्या उद्यमनगरातले ऑइल इंजिनांचे भाग, शिवणयंत्राचे पाय आणि रस्त्यावरची गटाराची झाकणे असे सगळे बिडातून घडले. यातला बराचसा कार्बन ग्राफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपात धातूत पसरलेला असतो. हे पापुद्रे कंप जिरवतात. मात्र त्यांच्यामुळेच बीड ठिसूळही होते. पत्र्याचा तवा पडला तर पोचा येतो, बिडाचा पडला तर तुकडे होतात. इंजिनीअरिंगला हे सगळे ‘ग्रे कास्ट आयर्न’ या नावाने पाठ करून घेतात, पण स्वयंपाकघरातल्या तव्याशी त्याचा संबंध कोणी जोडून दाखवत नाही.

बुलेटमध्ये बीड कुठे होते?

मद्रासमध्ये १९५५ साली एन्फिल्ड इंडियाची सुरुवात झाली आणि मूळ इंग्लिश कंपनी बंद पडल्यावरही बुलेट इथे बनत राहिली. जुन्या ३५० सीसी बुलेटला सगळे ‘कास्ट आयर्न’ म्हणतात, पण अख्खे इंजिन बिडाचे नव्हते. ज्यात पिस्टन वर-खाली होतो ते सिलिंडरचे बॅरल बिडाचे होते. डोके आणि क्रँककेस अ‍ॅल्युमिनियमचे.

मग ती धकधक? तिचे श्रेय बिडाला दिले जाते, ते अर्धवटच खरे आहे. एकच सिलिंडर, ७० मिमी व्यासाला ९० मिमीचा लांब स्ट्रोक आणि जड फ्लायव्हील यामुळे इंजिन सावकाश, मोजून ठोके देत चालायचे. आतल्या भागांचा खडखडाट दाबण्याचे काम बीड करायचे, त्यामुळे ठोका स्वच्छ ऐकू यायचा. हल्ली काही जण सायलेन्सर बदलून फटाके फोडतात, त्याचा या आवाजाशी काहीही संबंध नाही.

किक मारणे हे तर शास्त्रच होते. आधी डिकॉम्प्रेसर दाबून सिलिंडरमधला दाब सोडायचा, किक हलक्या पायाने खाली नेत अ‍ॅमीटरचा काटा मध्यावर आणायचा. मग डिकॉम्प्रेसर सोडून एकच पूर्ण किक! अंदाज चुकला तर किक उलटी यायची आणि पायाचा घोटा दुखावायचा. पश्चिम महाराष्ट्रात बुलेट चालवणाऱ्याचा जो रुबाब होता, त्यातला निम्मा या काट्याने मिळवून दिलेला असावा.

तव्याचे गणित काय?

बीड सावकाश तापते, पण तापल्यावर उष्णता धरून ठेवते. पातळ तव्यावर गार पीठ पडले की तवा थंडावतो. जाड बिडाचा तवा तापलेलाच राहतो, पिठातल्या पाण्याची झटकन वाफ होते आणि जाळी पडते. कोकणात अर्धा चिरलेला कांदा किंवा नारळाची शेंडी तेलात बुडवून तव्यावर फिरवतात. तेलाचा तो पातळ थर तापून लोखंडाला चिकटतो आणि कडक, गुळगुळीत पापुद्रा तयार होतो. यालाच आता ‘सीझनिंग’ म्हणतात आणि त्याचे वेगळे पैसे घेतात.

मग बीड गेले का?

गाडीतून ते उष्णतेमुळे गेले. अ‍ॅल्युमिनियम वजनाला निम्म्याहून हलके आणि उष्णता बाहेर टाकण्यात बिडाच्या किमान दुप्पट सरस. प्रदूषणाचे निकष कडक होत गेले, तसे अधिक नेमके इंजिन लागू लागले. २०१०च्या आसपास बिडाचे बॅरल बंद झाले.

स्वयंपाकघरातले कारण वेगळे आहे आणि व्हिडीओंत ते दिसत नाही. जड तवा उचलणे, तो धुऊन लगेच कोरडा करणे, पुन्हा तेल लावणे हे सारे रोज एकाच व्यक्तीच्या वाट्याला यायचे, तेही पाट्या-वरवंट्यावर वाटण झाल्यावर. आजोबांच्या बुलेटला निदान मेकॅनिक होता. आजीच्या तव्याचा मेकॅनिक तीच होती. नॉनस्टिक आले तेव्हा अनेक घरांत बायकांनी सुटकेचा श्वास सोडला असेल, तर त्यांचे काय चुकले? नॉनस्टिक मध्यम आचेवर ठीकच असते. रिकामे भांडे मोठ्या आचेवर ठेवले आणि तापमान साधारण २६० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की त्याचा थर खराब होऊ लागतो.

पुन्हा घरी आणायचे असेल तर?

बुलेटसाठी आधी कागद पाहा, मग इंजिन. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागते. त्याचे शुल्क एप्रिल २०२२ पासून १,००० रुपये झाले, तर ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरील दुचाकींसाठी ते २,००० रुपये करण्यात आले. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रचना न बदललेल्या गाडीला २०२१च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. मात्र अशी गाडी प्रदर्शन, रॅली किंवा देखभालीसारख्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोज ऑफिसला न्यायची असेल तर हा मार्ग तुमच्यासाठी नाही.

तव्याचे काम स्वस्तात होते. गंज चढला असेल तर घासून काढा, पूर्ण कोरडा करा, तेलाचा अगदी पातळ हात फिरवा आणि धूर येईपर्यंत तापवा. हे तीन-चार वेळा करा. तेल जास्त झाले तर तवा चिकट होतो. चिंच-कोकमाचे पदार्थ त्यात शिजवू नका. आंबटामुळे थर निघतो, लोह पदार्थात उतरते आणि चव बिघडते. थोडे लोह पोटात जाणे बहुतेकांना चालते, पण अ‍ॅनिमिया असेल तर तव्यावर विसंबून गोळ्या बंद करू नका. तापलेल्या तव्यावर गार पाणी कधीही ओतू नका, तडा जाईल. तळ सपाट असेल तर बिडाचा तवा इंडक्शनवरही चालतो. फक्त सुरुवात कमी आचेवर करा आणि तवा काचेवर सरकवू नका, उचलून ठेवा.