आपला पंच आपणच

गोल्फ हा शब्द उच्चारला कीं आपल्या सुशिक्षित घरांतूनहि अजून दोनच चित्रें डोळ्यांपुढें उभीं राहतात. एक विलायती टोपी घातलेल्या साहेबाचें, आणि दुसरें त्याच्यामागून ओझें घेऊन चालणाऱ्या पोराचें. पहिल्याविषयीं आपणांस थोडी असूया वाटते, दुसऱ्याविषयीं थोडी दया वाटते, आणि प्रत्यक्ष खेळाविषयीं मात्र कांहींच वाटत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आमचीहि स्थिति याहून निराळी नव्हती. 'एवढासा चेंडू एवढ्याशा खळग्यांत घालावयास एवढें मोठें रान कशाला?' असें आम्हीच मोठ्या ऐटींत विचारीत असूं. आज मात्र महिन्याच्या दुसऱ्या रविवारीं पहांटे साडेचार वाजतां आमच्या घरांत दिवा लागतो, आणि आमच्या मातोश्री देवघराकडे जातां जातां विचारतात, "निघाली का रे तुमची दिंडी?"

पनवेलनजीक गाढी नदीच्या कांठीं विचुंबे नांवाचें गांव आहे, तेथून ही दिंडी निघते. पूर्वेकडे प्रबळगड आणि माथेरानचा डोंगर दिसतो. ज्या खाचरांत पूर्वीं भात डोलत असे, त्यांपैकीं पुष्कळांत आतां इमारती उभ्या राहिल्या आहेत. वाडा मोडून विखुरलेलीं बिऱ्हाडें येथें एकाच जिन्यावर समोरासमोर घरें घेऊन पुन्हां एकत्र कुटुंब थाटतात, हा येथील एक विशेष. अशा सात घरांतील बारा माणसांचें आमचें मंडळ आहे. त्याला नांव नाहीं, घटना नाहीं, अध्यक्षहि नाहीं. त्यांत एक निवृत्त अभियंते आहेत, त्यांच्या सूनबाई आहेत, शाळेंत गणित शिकविणाऱ्या बाई आहेत, दंतवैद्य आहेत, बँकेंत काम करणारे दोघे भाऊ आहेत. मंडळाची मालमत्ता म्हणजे एक वही आणि एक पितळी तांब्या. जो फेरी जिंकील त्याच्या घरीं तांब्या महिनाभर राहतो. पुढच्या फेरीस त्यानें तो चिंचेनें लख्ख घासून आणावा, एवढाच आमचा नियम.

आमचें मैदान गांवांत नाहीं. तें खारघरास आहे. तेथें डोंगराच्या पायथ्याशीं, पांडवकड्याच्या परिसरांत, सिडकोनें २०१२ सालीं सार्वजनिक गोल्फ मैदान खुलें केलें. त्यापूर्वीं आमच्यासारख्यांस हा खेळ दुरूनच पाहावा लागे. वास्तविक आपल्या देशांत तो नवा नाहीं. स्कॉटलंडमध्यें एडिंबरोजवळील लीथ येथें १७४४ सालीं या खेळाचे पहिले तेरा नियम लिहिले गेले, १७६४ सालीं सेंट अँड्रूज येथें एका फेरीचे अठरा खळगे ठरले, आणि १८२९ सालीं कलकत्त्यास गोल्फ क्लब निघालाहि. मुंबईंत १८४२ मध्यें, आणि पुढें चेंबूरला १९२७ मध्यें तसे क्लब निघाले. परंतु क्लब म्हटला कीं सभासदत्व आलें, आणि सभासदत्व म्हटलें कीं दार आलें. दिवसाचें शुल्क भरून खेळतां येईल असें मैदान जवळ झालें, तेव्हां कोठें हें दार आमच्यापुरतें किलकिलें झालें.

खेळ तसा सोपा आहे. आमच्या मातोश्रींनीं तो एकदां पाहिला आणि निकाल दिला, "ही तर साहेबाची विटीदांडू!" हें अगदींच खोटें नाहीं. लहानपणीं 'वकट, लेंड, मूंड' असें मोजीत ज्यानें विटी टोलविली आहे, त्याच्या मनगटाला गोल्फचा दांडा परका वाटत नाहीं. खळग्याचें तोंड सव्वाचार इंच रुंद. चेंडूचें वजन शेहेचाळीस ग्रॅमपेक्षां किंचित् कमी. दूर उभें राहून, कमींत कमी फटक्यांत तो चेंडू त्या खळग्यांत घालावयाचा. कोणत्या खळग्यास किती फटके पुरावेत हें आधींच ठरलेलें असतें. त्या संख्येस 'पार' म्हणतात. विटीदांडूंत मात्र विटी झेलावयास समोर गडी टपलेले असतात. येथें समोर कोणीच नाहीं. तुम्ही, तुमचा चेंडू, आणि मध्यें पसरलेलें गवत. प्रत्येक खेळाडू आपापल्या चेंडूमागें एकटाच जातो. या एकटेपणांतच या खेळाची खरी परीक्षा आहे, हें आम्हांस पुढें अनुभवानें कळलें.

पण सासरे आणि सून, साठीचे अभियंते आणि तिशीचे बँकवाले, हीं सारीं एका स्पर्धेंत खेळतात तरी कशीं? याचें उत्तर 'हँडिकॅप' या योजनेंत आहे. प्रत्येकाच्या मागील वीस फेऱ्या पाहावयाच्या, त्यांतील उत्तम आठांची सरासरी काढावयाची, आणि त्यावरून त्यास किती फटक्यांची सूट द्यावयाची तें ठरवावयाचें. २०२० सालापासून साऱ्या जगांत हीच एक पद्धति चालूं झाली असून सूट जास्तींत जास्त चौपन्नापर्यंत मिळूं शकते. अभियंत्यांची सूट बारा, सूनबाईंची छत्तीस. समजा, चार फटक्यांचा एक अवघड खळगा आहे. सासऱ्यांनीं त्यास पांच फटके घेतले. अठरांपैकीं जे बारा खळगे अधिक कठीण, त्यांवर त्यांना एकेक सूट, म्हणून चार धरले. सूनबाईंनीं सहा घेतले. त्यांना प्रत्येक खळग्यावर दोन सूट, म्हणून तेहि चारच झाले. दोघांचे गुण सारखे.

हे गुण मोजण्याची रीत डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड या इंग्रज शस्त्रवैद्याची. त्यानें ती १८९८ सालीं वेल्समध्यें प्रथम करून पाहिली, आणि १९३२ सालीं वॉलसी येथें ती रूढ झाली. सूट वजा जातां पारच्या बरोबरीस दोन गुण, एक फटका जास्त लागल्यास एक गुण, एक कमी लागल्यास तीन. दोन किंवा त्याहून जास्त लागल्यास शून्य. शून्याखालीं मात्र कोणी जात नाहीं. एका खळग्यावर चेंडू झुडपांत हरवून सारा विचका झाला तरी पुढचा खळगा कोऱ्या पाटीवर सुरू होतो. आमच्या गणिताच्या बाई म्हणतात कीं ही सूट म्हणजे दया नव्हे, हें माप आहे. हें वाक्य आम्हांस एकत्र कुटुंबाच्या दृष्टीनें फार मोलाचें वाटतें. आपण घरांत सर्वांना सारखें वागवितों असें म्हणतों, म्हणजे बहुधा सर्वांना एकाच मापानें मोजतों. आणि मग नव्यानें आलेल्या सुनेची पोळी पंचवीस वर्षें पोळ्या लाटलेल्या सासूबाईंच्या पोळीशेजारीं ठेवून पाहतों. कोण कोठून निघाला हें आधीं मोजावें आणि मगच कोण कोठें पोंचला तें पाहावें, हा न्याय या खेळानें आम्हांस शिकविला.

परंतु या साऱ्या हिशेबाचा पाया एकच आहे: ज्यानें त्यानें आपले फटके खरे सांगितले पाहिजेत. ज्या खेळांत मागील फेऱ्यांवरून पुढील सूट ठरते, तेथें एक खोटा आंकडा पुढच्या प्रत्येक फेरींत मुरतो. आणि येथें शिट्टी घेऊन कोणी पंच मागें धांवत नाहीं. या संबंधांत एक गोष्ट सांगणें आमचें कर्तव्य आहे, जरी ती सांगतांना आम्हांस आनंद होत नाहीं.

गेल्या कार्तिकांतील फेरी आम्हीं जिंकली होती. आम्ही बहुधा नऊच खळगे खेळतों. आमचे अठरा गुण झाले, दंतवैद्यांचे सतरा. तांब्या आमच्या घरीं आला, मातोश्रींनीं त्यास हळदकुंकू लावलें, चिरंजीवांनीं शेजारपाजारच्या मुलांना तो दाखविला. पुढची फेरी मार्गशीर्षांत झाली. आठव्या खळग्यावर अभियंत्यांचा चेंडू उंच गवतांत पडला होता. त्यांनीं दांडा टेकला, क्षणभर थांबले, आणि मागें वळून म्हणाले, "माझा एक फटका वाढवा. चेंडू हलला." आम्ही कोणींच कांहीं पाहिलें नव्हतें. सूनबाई जवळच होत्या. त्या म्हणाल्या, "मामंजी, अहो कोणींसुद्धां पाहिलें नाहीं." ते म्हणाले, "मी पाहिलें ना." एवढें बोलून त्यांनीं चेंडू पूर्वींच्या जागीं ठेवला आणि खेळ पुढें चालू केला. त्या एका फटक्यानें बरोबरींत असलेली फेरी ते एका गुणानें हरले, आणि तांब्या सूनबाईंनीं जिंकला.

ज्यांना या खेळाचा इतिहास ठाऊक आहे, त्यांना येथें बॉबी जोन्सची आठवण होईल. १९२५ सालीं अमेरिकेच्या खुल्या स्पर्धेंत त्यानें असाच, दुसऱ्या कोणास न दिसलेला, एक दंडाचा फटका स्वतःवर घेतला. चार फेऱ्यांअंतीं त्याची बरोबरी झाली, आणि निर्णयाच्या जादा खेळांत तो हरला. आम्हांस मात्र त्या सकाळीं जोन्स आठवला नाहीं. आम्हांस आमची कार्तिकांतील फेरी आठवली. त्या दिवशीं सहाव्या खळग्यावर आमचा चेंडू एका मुळाआड अडकला होता. आसपास कोणी नव्हतें. आम्हीं बुटाच्या टोंकानें तो चार बोटें बाजूस सारला आणि फटका मारला. तो इतका सुरेख बसला, कीं संध्याकाळपर्यंत आम्हीं स्वतःलाहि पटवून दिलें होतें कीं चेंडू मुळापासून मोकळाच होता.

फेरीनंतर आम्ही सारे कोणा एकाच्या घरीं जमतों. त्या दिवशीं अभियंत्यांकडेच पोहे होते. झोपाळ्यावर मुलें, खालीं सतरंजीवर आम्ही, आणि मध्यें तो चकचकीत तांब्या. आमचे चिरंजीवहि तेथें होते. त्यांच्यादेखत बोलावें कीं नाहीं याचा विचार करण्यांत आमचा चहा निवला. शेवटीं आम्हीं सांगितलें. कोणीं हंसलें नाहीं, कोणीं 'जाऊं द्या हो' असेंहि म्हटलें नाहीं, हे त्यांचे आमच्यावर उपकारच. गणिताच्या बाईंनीं वही उघडली. "चेंडू हलविला आणि चुकीच्या जागेवरून खेळलांत, दोन फटके दंड," असें म्हणून त्यांनीं आमचे अठरा गुण तांबड्या शाईनें खोडून तेथें सोळा लिहिले. कार्तिकांतील विजय दंतवैद्यांच्या नांवें लागला. ते एवढेंच म्हणाले, "तांब्या तुमच्याकडे राहिला तो राहिला, वहींत मात्र खरें असावें." घरीं परततांना चिरंजीवांनीं एकच प्रश्न विचारला, "बाबा, पुढच्या फेरीला ते तुम्हांला घेतील ना?" त्या प्रश्नाचें ओझें आमच्या दांड्यांच्या पिशवीहून जड होतें. पुढच्या फेरीस नेहमींप्रमाणें गाडी दाराशीं आली, आणि झाल्या प्रकाराचा कोणीं चकार शब्द काढला नाहीं.

या खेळावर आक्षेप आहेत, आणि ते आम्ही टाळूं इच्छीत नाहीं. त्यास जमीन लागते, उन्हाळ्यांत पाणी लागतें, पैसाहि लागतो. पैशाबद्दल म्हणाल तर नियमानें चौदा दांडे बाळगतां येतात. आमच्यांपैकीं कोणाजवळ सातांहून अधिक नाहींत, आणि तेहि दुसऱ्यांनीं वापरलेले. जमिनीपाण्याच्या प्रश्नाला मात्र इतकें सोपें उत्तर नाहीं. एकाच्या दारासाठीं सारें रान कुंपणांत जाण्यापेक्षां सर्वांना खुलें असलेलें सार्वजनिक मैदान बरें, एवढेंच आम्ही म्हणूं.

राहिला तो पिशवी वाहणारा पोर. त्याच्याविषयीं दया करण्याचें कारण नाहीं, कारण बहुतेक वेळां तो आपल्याहून चांगला खेळतो. चेंबूरच्या मैदानावरील कॅडी मुलांनीं लोखंडी सळया वांकवून दांडे केले आणि प्लास्टिकच्या चेंडूंनीं वस्तीच्या अरुंद गल्ल्यांतून गोल्फ खेळला. दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून वाढलेला अली शेर १९९१ सालीं इंडियन ओपन ही मोठी स्पर्धा जिंकून गेला. तोंवर कोणाहि भारतीय व्यावसायिकास तें साधलें नव्हतें. हें ऐकल्यापासून आम्हीं एक प्रथा पाडली आहे. संक्रांतीनंतरच्या फेरींत कॅडी खेळतो आणि पिशवी आम्ही वाहतों. गेल्या खेपेस आमच्या वांट्यास आलेल्या तरुणानें सूट न घेतां आम्हां सर्वांना मागें टाकलें. नवव्या खळग्यावर त्यानें आमच्या हातून पिशवी घेऊं केली. आम्हीं ती दिली नाहीं, पण खांदा पुढें दोन दिवस दुखत होता.

वाचकहो, आम्ही सर्वांनीं गोल्फ खेळावा असा आमचा आग्रह नाहीं. कोणी पत्ते खेळोत, कोणी बुद्धिबळें, कोणी डोंगर चढोत. परंतु महिन्यांतून एक सकाळ अशी असावी, कीं जींत घरांतील लहानमोठीं, सासरे आणि सुना, एकाच हिरवळीवर हरतील आणि जिंकतील. आणि जेथें आपला हिशेब आपणच मांडावा लागेल. मुलांना सत्य बोलण्याचे धडे आपण पुष्कळ देतों. बापाला तांबड्या शाईनें दुरुस्त झालेलें त्यांनीं एकदां पाहिलें, तर त्यांतील कांहीं धडे आपण गाळले तरी चालतील.

सांप्रत तांब्या गणिताच्या बाईंच्या घरीं आहे. चिरंजीवांनीं परवां वही उघडून तें तांबडें पान पुन्हां पाहिलें, आणि न सांगतां मिटून ठेवलें.