संगणकावरील खेळ का अडखळतो?

चित्रपट आणि संगणकावरील खेळ या दोहोंचा पाया एकच आहे. स्थिर चित्रे डोळ्यांपुढून वेगाने सरकली, की आपल्याला हालचालीचा भास होतो. बोलपटात सेकंदाला २४ चित्रे दाखवितात. मात्र ती आधीच तयार असतात. खेळातील चित्रे खेळणाऱ्याने कळ दाबल्यावर त्या क्षणी तयार करावी लागतात. या एकेका चित्राला ‘फ्रेम’ म्हणतात. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील, तर एकीसाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात काम उरकले नाही, तर जुनेच चित्र पडद्यावर राहते आणि खेळ अडखळतो.

असे झाले की ‘ग्राफिक्स कार्ड बदल’ हा सल्ला वसतिगृहात ठरलेलाच. या कार्डाची किंमत आपल्यापैकी अनेकांच्या वर्षाच्या फीपेक्षा अधिक असते आणि पैसे बहुधा घरून येतात. तेव्हा खर्चापूर्वी दोष कोठे आहे, हे पाहणे शहाणपणाचे ठरेल.

प्रथम सरासरीच्या आकड्याविषयी. समजा, एका सेकंदात ५९ फ्रेम प्रत्येकी १५ मिलिसेकंदांत तयार झाल्या आणि साठाव्या फ्रेमला ११५ मिलिसेकंद लागले. बेरीज बरोबर एक सेकंद! आकडा ६० दाखवील. पण नेमका शत्रू समोर आला असता पडदा थिजलेला असेल. गाण्यात लय विलंबित असली म्हणून कोणी तक्रार करीत नाही. ठेका मध्येच चुकला की मात्र कानाला खटकते. म्हणूनच ४० आणि ६० यांमध्ये हेलकावे खाणाऱ्या खेळापेक्षा ३० वर स्थिर राहणारा खेळ पुष्कळांना सुखाचा वाटतो. सरासरीपेक्षा प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ पाहावा. ‘एमएसआय आफ्टरबर्नर’सारखी विनामूल्य साधने त्याचा आलेख दाखवितात.

आता निदानाकडे वळू. खेळ सतत मंद चालतो, की मध्येच झटका देतो? सतत मंद असेल, तर रिझोल्यूशन कमी करून पाहावे. वेग वाढला, तर भार ग्राफिक्स कार्डावर होता. वेग होता तेवढाच राहिला, तर अडचण बहुधा प्रोसेसरकडे आहे आणि अशा वेळी नवे कार्ड घेणे म्हणजे पैसे पाण्यात. दहा-वीस मिनिटे खेळ उत्तम चालून मग मंदावत असेल, तर उष्णतेचा संशय घ्यावा. यंत्र तापले की स्वतःच्या बचावासाठी ते आपला वेग उतरविते. पंख्यातील धूळ काढणे आणि लॅपटॉप गादीवर न ठेवणे हा बिनखर्ची उपाय आहे. लॅपटॉप चार्जरला जोडला आहे ना, हेही पाहावे.

झटक्यांची कारणे निराळी. कार्डाची स्वतःची स्मृती भरली, तर सामग्री सारखी आत-बाहेर करावी लागते. तेथे ‘टेक्स्चर’चा दर्जा एक पायरी उतरवावा. नव्या प्रदेशात शिरताना झटका बसत असेल, तर जुनी हार्ड डिस्क माहिती पुरविण्यात मागे पडत असेल.

एखादा प्रसंग पहिल्यांदा पाहताना झटका आणि दुसऱ्यांदा काहीच नाही, असे झाल्यास कारण बहुधा ‘शेडर’ असते. प्रकाश, छाया, रंग यांविषयीच्या या सूचना त्या त्या कार्डाच्या भाषेत अनुवादित कराव्या लागतात. भर सभेत दुभाषी शब्द शोधू लागला, तर वक्त्याला थांबावेच लागते, तसेच हे. म्हणून खेळ सुरू होताना ‘शेडर तयार होत आहेत’ अशी सूचना दिसली, तर ते काम पुरे होऊ द्यावे. ड्रायव्हर बदलल्यावर हा अनुवाद पुन्हा करावा लागतो, हेही ध्यानात असावे.

कधी दोष खेळातच असतो. २५ फेब्रुवारी २०२२ रोजी आलेला ‘एल्डन रिंग’ हा गाजलेला खेळ महागड्या संगणकांवरही अडखळत होता. ‘स्टीम डेक’ या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी वाल्व कंपनीच्या तंत्रज्ञांनी खेळ आणि यंत्र यांमधील ‘प्रोटॉन’ या प्रणालीत सुधारणा केली. त्यामुळे त्या छोट्या यंत्रावर हे झटके बरेच कमी झाले. खेळातील दोष महाग यंत्राने जातोच असे नाही, हे यावरून दिसते. अशा वेळी निर्मात्यांच्या दुरुस्तीची वाट पाहणे हाच मार्ग.

शेवटी पद्धतीविषयी. एका वेळी एकच बदल करावा, खेळातील त्याच ठिकाणी तीच चाचणी घ्यावी आणि निष्कर्ष वहीत टिपावा. पाच बदल एकदम केले आणि खेळ सुधारला, तर गुण कशाचा आला ते कळत नाही. बिघडला तर दोष कोणाचा, तेही नाही. ही शिस्त पाळली, तर पुष्कळांना दुकानाची पायरी चढावी लागणार नाही. ज्यांना चढावी लागेल, त्यांना निदान काय मागायचे ते ठाऊक असेल.