रनवेवर पतंग!

मागच्या पावसाळ्यात आमचा ग्रुप नाणेघाटात गेला होता. धुकं, भाजलेलं कणीस, चिखलाने भरलेले बूट... सगळं नेहमीचंच. पण फोटोसाठी सर्वात जास्त गर्दी एका दगडी रांजणापाशी! सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांवरून माल घेऊन घाट चढणारे व्यापारी या रांजणात जकात टाकायचे, असं सांगतात. म्हणजे बॉस, हे जुन्नरचं दोन हजार वर्षांपूर्वीचं टर्मिनलच की! तांडे थांबले, जकात संपली आणि आज तिथे आपण वीकेन्ड घालवतो.

घरी येताना गाडीत विषय निघाला, विमानतळ बंद पडला तर त्याचं काय होत असेल?

आता उतरतात फक्त पतंग

उत्तर बर्लिनमध्ये नोकरी करणाऱ्या एका मैत्रिणीच्या फोटोंत सापडलं. रनवेवर सायकली, स्केटिंग, पतंग आणि कडेला भाजीचे वाफे! हे टेम्पलहोफ. १९४८-४९ मध्ये शहराची कोंडी झाली, तेव्हा इथेच विमानांनी धान्य आणि कोळसा उतरवला होता. १९२३ मध्ये सुरू झालेला हा विमानतळ ऑक्टोबर २००८ मध्ये बंद झाला आणि मे २०१० मध्ये लोकांसाठी खुला झाला. पुढे सरकारला मैदानाच्या कडेने घरं आणि लायब्ररी बांधायची होती. २०१४ मध्ये मतदान झालं आणि सुमारे ६४ टक्के मतदारांनी ठणकावून सांगितलं, मैदान आहे तसंच राहू द्या!

हाँगकाँगने उलटी वाट धरली. काई टाक विमानतळ १९९८ मध्ये बंद झाला. तिथे २०१३ मध्ये क्रूझ टर्मिनल आलं आणि २०२५ मध्ये ५० हजार प्रेक्षकांचं स्टेडियम. दोन्ही मस्तच. पण बर्लिनची गोष्ट मला जास्त भिडली, कारण तिथे लोकांना विचारलं गेलं.

आणि आपल्याकडे?

लोहगाव हवाई दलाचा तळ आहे, त्यामुळे तिथे पतंगांची स्वप्नं नकोत! पण मी मंचरची. शेजारच्या खेड तालुक्यात ‘विमानतळ येणार’ हे ऐकतच मोठी झाले. कुणी जमिनीच्या भावाचे हिशेब मांडायचं, कुणाला कांद्याचं रान जाईल म्हणून झोप यायची नाही. शेतकऱ्यांनी विरोध केला, जागाही अडचणीची ठरली. २०१६ मध्ये पुरंदरचं नाव पुढे आलं आणि आमच्याकडची चर्चा थांबली. चर्चा तेवढी पुरंदरच्या सात गावांत गेली. २०२५ मध्ये तिथे मोजणीला विरोध झाला, तेव्हा टीव्हीवरचे ते चेहरे मला आमच्याच आळीतले वाटले.

मलाही पहाटे उठून मुंबई गाठायचा कंटाळा आहे. थेट फ्लाइट मला हवीच आहे. पण टेम्पलहोफ चालला ८५ वर्षं, म्हणजे जेमतेम तीन पिढ्या. शेताला अशी एक्स्पायरी डेट नसते. बर्लिनकरांना विमानतळ बंद झाल्यावर विचारलं. आपल्याकडे निदान तो बांधायच्या आधी तरी नीट विचारायला नको का?

पुढच्या वेळी रांजणापाशी सेल्फी घ्याल, तेव्हा घाटाखाली एक नजर जरूर टाका. वाटा बदलतात, जमीन तिथेच असते!